फाटक नसलेली लाइन

दुकानदाराने काचेच्या टेबलावर हिरवं कापड अंथरलं, त्यावर वीतभर लांबीची तीन इंजिनं ओळीने ठेवली आणि विचारलं, "वाफेचं देऊ, डिझेलचं देऊ, की विजेचं?" आणि तिला उत्तर आलं नाही. असं तिच्या आयुष्यात घडलं नव्हतं. उत्तर तिच्या जिभेवर चपला घालून तयार असायचं, समोरच्याचा प्रश्न संपायची वाट बघत. रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये तीस वर्षं काढली. नवरा ड्रायव्हर, पण तिला सगळी आळी स्टेशनमास्तरीण म्हणायची. पाठीमागे म्हणायची, ते तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. तिने सिग्नल दिल्याशिवाय तिथे कुणाचं लग्न जमत नसे की कुणाचं भांडण मिटत नसे. आणि आता ही तीन खेळणी. काळं वाफेचं, चाकांना जोडणारे दांडे गुडघ्यांसारखे मुडपलेले. चौकोनी तोंडाचं, पिवळ्या पट्ट्याचं डिझेल. आणि विजेचं, टपावर तारेला लागणारा लोखंडी हात दुमडून बसलेलं. तिघंही तिच्याकडे बघत होती. तिने तळवे लुगड्याला पुसले आणि उगाच दरडावलं, "अहो, जरा उजेडात दाखवा की. दुकान आहे का तळघर?"

दुकानदार पन्नाशीचा, बोलायला गोड. त्याने दिवा जवळ ओढला. "तुमच्या लाइनीवर काय काय आहे ते सांगा, मग ठरवू. तारा ओढल्यात का? ओढल्या असतील तर विजेचं शोभेल. पाण्याची टाकी असेल तर वाफेचं. वळण किती मोठं आहे? लांब इंजिन घट्ट वळणावर रुळावरून उतरतं."

"ते मला काय ठाऊक! त्यांचा खेळ, त्यांची खोली. मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही."

"साहेब दर शनिवारी यायचे," दुकानदार म्हणाला. "दीड वर्ष. तिन्ही हातात घ्यायचे, उलटीपालटी करायचे, खाली ठेवायचे. पुढच्या खेपेला नेतो म्हणायचे. मी कधी घाई केली नाही. तसं बघितलं तर आत तिन्हींना एकच मोटर असते, बाई. वरचं कवच तेवढं वेगळं."

"माणसांचंही तसंच असतं," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता थबकली, जिन्याची एक पायरी चुकावी तशी. कारण तिने जोडलं ते. दीड वर्ष हा माणूस इथे येऊन घेत-ठेवत होता. रूळ आणले, स्टेशन आणलं, झाडं आणली, इंजिन मात्र नाही. आवड म्हणून ज्याला एखादी गोष्ट हवी असते तो असा करत नाही. असा करतो तो, ज्याला त्या तीनपैकी एकाची भीती वाटते. आणि ते कोणतं, हे तिला, चाळीस वर्षं त्याच्याबरोबर संसार केलेल्या बाईला, माहीत नव्हतं.

विचारायची सोय असती तर गोष्ट वेगळी. दोन महिन्यांपूर्वी सकाळी दाढी करता करता तो बेसिनवर कलंडला आणि उजवं अंग गेलं. वाचा गेली. परत आला तो एकच शब्द, "हो". डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, ते हो म्हणतात म्हणजे त्यांना हो म्हणायचं आहे असं समजू नका. तेवढाच शब्द तोंडात उरलाय. पाणी हवं? हो. नको? हो. पंखा लावू? हो. बंद करू? हो. पहिल्या दिवशी ती हसली होती. "जन्मभर माझ्यापुढे हेच म्हणत आलात, आता तेवढंच शिल्लक राहिलं," असं सगळ्यांदेखत म्हणालीसुद्धा. नर्स हसली, जावई हसला, लेक हसली नाही. नंतर एकदा भांडी विसळताना ते वाक्य परत तिच्या अंगावर आलं आणि हातातलं पातेलं तसंच राहिलं. माणसाच्या डोक्यात हजार शब्द. त्यातले सगळे वाहून गेले आणि खडकासारखा जो राहिला, तो इतका घट्ट कुणी बसवला? रोज, दिवसातून वीस वेळा, चाळीस वर्षं, कुणापुढे म्हणून म्हणून तो इतका पक्का झाला?

इंजिनाची कल्पना लेकीची. "आई, बाबांनी सगळी लाइन मांडून ठेवलीय, फक्त इंजिन नाही. आणून चालव त्यांच्यासमोर. मन रमेल." तिने लगेच खाटेजवळ जाऊन विचारलं होतं, वाफेचं आणू? हो. डिझेलचं आणू? हो. विजेचं? हो. मग आवाज चढवून, नीट सांगा, एक काय ते सांगा! हो, हो. डाव्या डोळ्यातून पाणी आलं. लेकीने तिला बाजूला ओढलं, "आई, तू विचारतेयस की उलटतपासणी घेतेयस?" तेव्हा तिला राग आला होता. भीती नव्हती. भीती इथे, या दुकानात आली, या हिरव्या कापडापाशी. ज्याला नाही म्हणता येत नाही अशा माणसासमोर आपण चुकीचं इंजिन चालवलं तर? तो बघत बसेल. मान वळवता येणार नाही. आपण विचारू, बरं वाटतंय ना? तो म्हणेल, हो.

"तिन्ही घेऊन जा," दुकानदार म्हणाला. "साहेब जुने गिऱ्हाईक. लाइनीवर लावून बघा, दोन परत आणा." त्याने तीन डबे एका पिशवीत भरले. पिशवी हलकी होती. ती हातात धरून रस्त्याने चालताना तिला सारखं वाटत होतं की कुणीतरी विचारील, काय घेतलंत, आणि आपल्याला सांगता येणार नाही.

एक दिवस होता. तो दिवस ती विसरली नव्हती. फक्त ज्या बाजूने तिला सोयीचा होता त्या बाजूने ठेवला होता. त्या वर्षी शेडमध्ये तिन्ही जातींची इंजिनं होती. वाफेची मोडीत निघायची होती, डिझेल जोरात होतं, विजेच्या तारा नुकत्या आल्या होत्या. नवऱ्याला तिन्हींचं शिक्षण झालेलं, त्यामुळे आज हे तर उद्या ते. तो कधी सांगत नसे आणि ती कधी विचारत नसे. विचारायचं नाही हा क्वार्टर्समधला नेमच होता. नवी नवरी आली की सासू पहिल्या आठवड्यात कानात सांगायची, ड्यूटीवरून आलेल्या माणसाला काय झालं म्हणून विचारू नये. त्याला बोलायचं तर तो बोलेल. आणि विचारायची गरज तरी काय? कपडे सांगायचे. कोळशाची काजळी कॉलरच्या आत गेली असली की वाफेचं. डिझेलचा वास तर दोन पाण्यांत जात नसे, बादलीला धरून राही. आणि शर्ट जवळजवळ कोरा आला की विजेचं. आळीतल्या कुठल्याही बाईला नवऱ्याचा शर्ट हुंगून सांगता आलं असतं, तो कोणत्या इंजिनावर होता ते. त्या दिवशी तो दुपारी आला, अवेळी. ती निवडण घेऊन बसली होती. त्याने घरात पाऊल टाकलं नाही. बाहेरच्या नळावर गेला, तिथेच कपडे काढले, पंचा गुंडाळून उकिडवा बसला आणि स्वतः कपडे धुवायला लागला. साबण संपेपर्यंत. मग बूट धुतले. मग कपडे पुन्हा धुतले. नळावर आळीतल्या बाया होत्या. एक म्हणाली, "काय हो स्टेशनमास्तरीणबाई, आज उलटी गाडी सोडली वाटतं!" सगळ्या हसल्या. आणि ती उंबऱ्यात उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्याला म्हणाली होती, "हात मोडलेत का माझे? चारचौघींत लाज काढलीत. उठा तिथून!" तो उठला. ओले कपडे तसेच हातात. म्हणाला, "हो."

तीन दिवस रजेवर होता. भिंतीकडे तोंड करून निजला होता. संध्याकाळी शेजारीण कुजबुजली, फाटकावर कुणीतरी आलं म्हणे गाडीखाली. कुणाच्या गाडीखाली, कोण, लहान की मोठं, तिने विचारलं नाही. नेम होता. आणि नेमाच्या आड तिचा ताठाही होता, तो तिला आता पिशवी घेऊन चालताना स्पष्ट दिसला, समोरून येणारा माणूस दिसावा तसा. सांगायचं तर त्याने सांगावं, मी का विचारू! चौथ्या दिवशी तो ड्यूटीवर गेला आणि घर पूर्ववत झालं. पण कोणतं इंजिन होतं ते तिला कळायचा एकच रस्ता होता, आणि तो त्याने नळावर धुऊन टाकला होता.

ती घरी पोचल्यावर लेक आपल्या घरी जायला निघाली. "कोणतं आणलंस?" "तिन्ही." "तिन्ही कशाला?" "बाजार आहे, बघून घेतात," ती म्हणाली. लेक गेली. तो पुढच्या खोलीत चाकाच्या खुर्चीत बसला होता, मांडीवर पांघरूण, तोंडाची उजवी बाजू ओघळलेली. तिला माणसांची तोंडं वाचायचा मोठा गर्व. लेक दारातून आत आली की पायातली चप्पल काढायच्या आत हिला कळायचं, काय लपवतेय. पण हे अर्धं तोंड मिटलेलं होतं आणि उरलेलं अर्धं एकट्याने काय सांगणार? "इंजिन आणलंय," ती म्हणाली. "हो," तो म्हणाला.

त्या खोलीत ती दीड वर्षानंतर शिरली. लेकीच्या लग्नानंतर ती खोली तिला शिवणयंत्रासाठी हवी होती. त्याने तिथे फळ्या ठोकल्या. एवढ्या एका बाबतीत त्याने तिला जुमानलं नव्हतं, आणि ती म्हणाली होती, तुमच्या त्या पोरखेळात माझं पाऊल पडणार नाही. केरसुद्धा तोच काढायचा. आता फळ्यांवर दोन महिन्यांची धूळ होती. तिने फुंकर मारली, पदराने पुसलं, आणि बघत राहिली. दोन हात रुंद वळणं, बोगदा, स्टेशन, डोंगर. पाण्याची टाकी होती. तेलाचा पंपही होता. तारांचे खांब अर्ध्या लाइनीपर्यंत उभे केलेले, तारा नव्हत्या. म्हणजे तिन्हींची तयारी आणि कशाचाच निकाल नाही. मग तिला काहीतरी खटकलं. घरात एखादं भांडं जागेवर नसलं की कोणतं ते कळायच्या आधी खटकतं तसं. तिने बोटाने रस्ता धरला. छोटा राखाडी रस्ता स्टेशनातून निघाला, रुळांजवळ आला आणि पुलावरून पलीकडे गेला. दुसरा रस्ता रुळांखालून गेला. पायवाट होती, तीसुद्धा जिन्याने चढून वरून. शेतातली बैलगाडीची वाट रुळांपर्यंत येऊन तिथेच थांबवली होती. सगळ्या लाइनीला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्ही अंगांनी काड्यापेटीच्या काड्यांचं कुंपण होतं, एकेक काडी सारखी कापलेली, शेकड्यांनी. कुठेही फाटक नव्हतं. रुळावर माणसाचं पाऊल पडेल अशी एकही जागा त्याने ठेवली नव्हती. आणि माणूसही नव्हता. स्टेशनवर बाकं होती, बाकांवर कुणी नाही. तिने खण उघडला. आत एक न उघडलेली डबी होती, झाकणाच्या काचेतून आतली नखाएवढी माणसं दिसत होती. बाया, पिशव्या घेतलेले पुरुष, हात धरलेली मुलं. डबीवरची चिकटपट्टी तशीच होती.

ती खण बंद करून उभी राहिली. पळून जावं, डबे परत नेऊन द्यावेत, लेकीला सांगावं की यंत्र बिघडलंय. तेवढ्यात पुढच्या खोलीतून त्याचा आवाज आला, "हो?" प्रश्नासारखा. वाट बघत असल्यासारखा. ती गेली आणि खुर्ची ढकलत त्याला आत घेऊन आली.

पहिलं वाफेचं लावलं. चाकं रुळावर बसेनात. तिच्या शिवणाच्या बोटांनी शेवटी बसवली. वेगाची मूठ हळू फिरवली. काळं इंजिन निघालं, दांडे गुडघे उचलायला लागले, बोगद्यात शिरलं, बाहेर आलं. ती इंजिनाकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. डावी बाजू, डावा डोळा, डावी भुवई. तो बघत होता, जसा खिडकीतून रस्ता बघतो. तीन फेऱ्या. "बरं वाटलं?" "हो." मग विजेचं. लांब होतं, पण वळणावर उतरलं नाही. तसंच. म्हणजे राहिलं ते. तिने डिझेल हातात घेतलं. आता न लावताही कळलंच होतं की. ठेवून द्यावं डब्यात. पण तिचा स्वभाव. तिला पक्कं करून घ्यायचं होतं. आयुष्यभर तिने कुणाचा कबुलीजबाब अर्धा सोडला नव्हता.

डिझेल निघालं. पहिल्या फेरीत बोगद्यातून बाहेर पडून ते वळणाला आलं आणि त्याचा डावा पाय खुर्चीच्या पायठेवणीवर दाबला गेला. हळूहळू, सगळ्या ताकदीनिशी. पायाची बोटं पांढरी पडली. वळण संपायच्या आत त्याने डोळे मिटले. दुसऱ्या फेरीत तीच जागा, तोच पाय, तेच डोळे. थांबव, तिने स्वतःला म्हटलं. तिसऱ्या फेरीला त्याच्या घशातून आवाज आला, शब्द नव्हे, आणि ती इतकी घाबरली की मूठ उलट्या बाजूला फिरली. इंजिनाने वेग घेतला. तिने पुन्हा फिरवली, पुन्हा चुकीच्या बाजूला. इंजिन फळ्यांवर खडखडत बोगद्यात शिरलं, तो पाय दाबत होता, खुर्ची मागे सरकत होती, इंजिन बोगद्याच्या तोंडातून बाहेर आलं आणि तिने, काय करतेय ते न कळता, कुंपण मोडून आपला हात रुळांवर आडवा ठेवला.

ते येऊन तळव्याला धडकलं. वजन ते केवढं, लिंबाएवढं. पण ती ओरडली. इंजिन उलटून पडलं आणि चाकं हवेत गरगरत राहिली. तिने प्लग ओढला. शांतता झाली. त्याचे डोळे उघडे होते. तो तिच्या हाताकडे बघत होता, रुळांवरच्या. "हो," तो म्हणाला, अगदी घाबऱ्या आवाजात. "हो, हो." त्याने डावा हात पुढे केला, तिचा तळवा ओढून घेतला आणि एकेक बोट दाबून बघितलं. पाच आहेत का ते मोजत असल्यासारखं.

"काही झालं नाही मला," ती म्हणाली. मग तिला बसावंसं वाटलं आणि ती जमिनीवरच बसली, खुर्चीला टेकून, हात त्याच्या हातात ठेवून. आणि जे विचारायचं नसतं ते विचारलं. "त्या दिवशी कोण होतं?" तो तिची बोटं दाबत राहिला. "बाई होती?" "हो." "म्हातारा होता कुणी?" "हो." "लहान मूल होतं?" "हो." "कुणी नव्हतंच का हो? वाचलं का ते?" "हो." तिचे प्रश्न संपले. जन्मात पहिल्यांदा तिला कळलं की आपल्याला विचारता येतं ते फक्त हो म्हणवून घ्यायला. दुसऱ्या तऱ्हेने विचारायला आपण शिकलोच नाही. मग ती हळू म्हणाली, "कसं झालं ते सांगा. मी बोलत नाही मध्ये."

नंतर तो म्हणाला, "हो." साधा, ड्यूटीवर निघाल्यासारखा. मग थोडे भराभर, सारखे, एका लयीत. मग एक लांब, आणि त्याचा डावा हात हॉर्न ओढल्यासारखा वर गेला. मग दुसरा, तिसरा, प्रत्येक आधीच्याहून मोठा, आणि पाय दाबलेला. मग थांबला. श्वास घेतला. पुढचा हो इतका बारीक होता की तिला वाटलं बाहेरून कुठून आला. त्यानंतर जे आलं ते ती समजू शकली नाही. तो वर बघून बोलत होता, कुणाशी तरी, कुणाला तरी समजावत, मग कुणाला तरी ओरडत, मग खाली वाकून, अगदी जवळ कुणीतरी असल्यासारखं, प्रेमाने. एकच शब्द. ती ऐकत होती. तिच्या जिभेवर दहा वेळा आलं, पुरे आता, त्रास होईल. दहाही वेळा तिने ते दातांखाली धरलं. तिला वाटत होतं की दाराबाहेर नळ वाहतोय आणि तिथे तो बसलाय आणि आपण उंबऱ्यात उभ्या आहोत, आणि आपलं तोंड आता उघडणार आहे.

तो गप्प झाला तेव्हा खिडकीतली उन्हं भिंतीवर चढली होती. त्याने वाकून उलटलेलं डिझेल उचललं. एका हाताने चाकं रुळावर बसवायला गेला, बसेनात. तिने मागून धरलं. बसली. मग त्याने मुठीकडे बघितलं आणि तिच्याकडे.

"परत?" ती म्हणाली. "नको हो. दुसरं लावते. ते काळं लावू का?"

"हो."

आता हा कोणता हो? तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, अर्ध्या बंद, अर्ध्या उघड्या. हात काळ्या इंजिनाकडे न्यावा की मुठीकडे, तिला ठरवता येईना. त्याने ठरवलं. तिचा हात धरून मुठीवर ठेवला आणि त्यावर आपला ठेवला. तिने प्लग लावला. मूठ फिरवत होता तोच, तिचा हात नुसता खाली होता. इंजिन निघालं, इतकं सावकाश की चाकांचे फेरे मोजता आले असते. स्टेशन सोडलं. टाकी मागे पडली. बोगद्यात गेलं आणि दिसेनासं झालं. बोगद्याच्या तोंडात आधी पिवळा पट्टा दिसला, मग चौकोनी तोंड. वळण आलं. त्याने मूठ मागे घेतली, जराशी, आणखी जराशी, आणि जिथे कुंपण मोडलं होतं त्याच्या बोटभर अलीकडे इंजिन उभं राहिलं.

त्याने हात काढला नाही. तीही हलली नाही. पुढे रूळ मोकळे होते. कुणीही नव्हतं, आणि दोघं तिकडे बघत होती, कुणी ओलांडून जाईपर्यंत थांबायचं असतं तशी.